वेगाला वेसण घालणारा अभियंता : सर चार्ल्स पार्सन्स

बेळगाव, कोल्हापूर आणि सांगलीच्या पट्ट्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्यांच्या धुराड्यांबरोबर त्यांची वीजघरेही जागी होतात. उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जळते, पाण्याची वाफ होते, ती वाफ टर्बाइनच्या पात्यांवरून धावते आणि टर्बाइनला जोडलेले जनित्र वीज देऊ लागते. अशा वीजघराच्या नियंत्रण कक्षात मुख्य नियंत्रण यंत्रणेच्या शेजारी आणखी एक लहानशी स्वतंत्र यंत्रणा बसवलेली असते. टर्बाइन सुरू करणे, भार वाढवणे, विजेची वारंवारता राखणे यांपैकी एकही काम ती करीत नाही. मुख्य नियंत्रण चुकले आणि यंत्राचा वेग मर्यादेबाहेर जाऊ लागला, तर वाफेची वाट तत्काळ बंद करायची, एवढेच तिचे काम. बहुतेक यंत्रांच्या संपूर्ण आयुष्यात ही वेळ एकदाही येत नाही. तरीही तिच्यावाचून टर्बाइन चालवण्याचे धाडस कोणताही जाणता अभियंता करणार नाही.

ही दुसरी यंत्रणा ज्या यंत्रामुळे आवश्यक झाली, ते आधुनिक वाफेचे टर्बाइन चार्ल्स अल्जर्नन पार्सन्स यांनी १८८४ मध्ये घडवले. जगाला वेग देणारा संशोधक म्हणून त्यांची ख्याती आहे आणि ती यथार्थच आहे. परंतु त्यांचे आयुष्य बारकाईने पाहिले, तर त्यांच्या श्रमांचा फार मोठा भाग वेग निर्माण करण्यापेक्षा तो आवरण्यात खर्च झाल्याचे दिसते.

दुर्बिणीच्या अंगणात

चार्ल्स पार्सन्स यांचा जन्म १३ जून १८५४ रोजी लंडनमध्ये झाला. बालपण मात्र आयर्लंडमधील पार्सन्सटाउन या गावी, घराण्याच्या किल्ल्यात गेले. त्या गावाला आज बर म्हणतात. वडील विल्यम पार्सन्स हे रॉसचे तिसरे अर्ल. उमरावांच्या प्रचलित छंदांत त्यांचे मन रमत नसे. त्यांनी किल्ल्याच्या आवारात भट्ट्या उभारल्या, धातूचे आरसे स्वतःच्या देखरेखीखाली ओतवून घासून घेतले आणि १८४५ मध्ये सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी केली. पुढची सात दशके जगात तिच्याएवढी मोठी दुर्बीण नव्हती. तिच्यातूनच त्यांना काही तेजोमेघांची सर्पिल रचना प्रथम दिसली. आई मेरी या छायाचित्रणकलेच्या आरंभीच्या उपासकांपैकी एक होत्या.

अशा घरात मुलांना शाळेत धाडण्याची गरज कोणाला वाटली नाही. शिक्षक घरी येत. पुढे नामवंत खगोलशास्त्रज्ञ झालेले रॉबर्ट बॉल हे त्यांपैकीच एक. सकाळी गणित आणि दुपारी कार्यशाळा असा मुलांचा दिनक्रम असे. लेथ, भट्टी, ऐरण ही त्यांची खेळणीच होती. चार्ल्स हा भावंडांत सर्वांत धाकटा. १८६७ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. कार्यशाळा मात्र चालूच राहिली.

याच कार्यशाळेत भावांनी रस्त्यावर चालणारी एक वाफेची गाडी तयार केली होती. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी ती गाडी गावातून चालली होती. चार्ल्स, त्याचा भाऊ रिचर्ड क्लेअर आणि त्यांचे शिक्षक गाडीवर होते. त्यांच्यासोबत नात्यातल्या मेरी वॉर्ड आणि त्यांचे पतीही होते. सूक्ष्मदर्शकावरील पुस्तकांमुळे मेरी वॉर्ड यांचे नाव तेव्हा सर्वपरिचित होते. चर्चजवळच्या वळणावर गाडीला हिसका बसला, त्या खाली फेकल्या गेल्या आणि गाडीच्या जड चाकाखाली सापडून तत्काळ गतप्राण झाल्या. त्यांचे वय अवघे बेचाळीस होते. स्वयंचलित वाहनाखाली बळी गेलेली पहिली ज्ञात व्यक्ती म्हणून इतिहासात त्यांची नोंद केली जाते. चौकशीत तो अपघातच ठरला. या दुर्घटनेचा धागा पुढील संशोधनाशी ओढूनताणून जोडण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे, की यंत्राची गती मंद असली तरी ती क्षणात जिवावर बेतू शकते, हे पंधरा वर्षांच्या चार्ल्सने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

रँग्लर कारखान्यात उतरतो

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दोन वर्षे काढून पार्सन्स केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. १८७७ च्या गणिताच्या परीक्षेत त्यांनी अकरावा क्रमांक पटकावला आणि ते रँग्लर झाले. मराठी माणसाला ही उपाधी रँग्लर परांजपे यांच्यामुळे घरची वाटते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हेही याच सेंट जॉन्स कॉलेजचे विद्यार्थी. १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले.

रँग्लरांची वाट सहसा प्राध्यापकी, धर्मपीठ किंवा वकिली यांकडे जाई. पार्सन्स यांनी निराळा मार्ग धरला. न्यूकॅसलजवळच्या एल्झविक येथील आर्मस्ट्राँग यांच्या कारखान्यात ते उमेदवार म्हणून रुजू झाले. उमरावाचा मुलगा आणि केंब्रिजचा गणिती तेलकट कपड्यांत कामगारांबरोबर उभा राहू लागला. पुढे लीड्सच्या किटसन कंपनीत त्यांनी फिरत्या सिलिंडरांच्या इंजिनावर आणि पाणतीरांवर प्रयोग केले. १८८३ मध्ये कॅथरिन बेथेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी गेट्सहेडच्या क्लार्क, चॅपमन आणि कंपनीत ते कनिष्ठ भागीदार झाले आणि तेथील विद्युत विभाग त्यांच्याकडे आला.

त्या काळी विजेचे दिवे नव्याने येत होते. डायनामोला मोठा वेग हवा असे, तर दट्ट्याचे वाफेचे इंजिन संथ. दट्ट्या पुढे जातो, थांबतो, मागे येतो. या ये-जा करणाऱ्या हालचालीला वेगाची मर्यादा पडते. म्हणून इंजिन आणि डायनामो यांच्यामध्ये पट्टे आणि कप्प्या घालाव्या लागत. वाफेने पवनचक्कीसारखे चाक थेट फिरवावे ही कल्पना जुनीच होती. अडचण होती ती वाफेच्या वेगाची. बॉयलरमधील दाबाची वाफ एकाच उडीत हवेत सोडली, तर ती बंदुकीच्या गोळीच्या वेगाने सुटते. तिच्यापासून पुरेसे काम घ्यायचे, तर चाकाचा परिघही तिच्या साधारण निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. एवढा ताण सोसणारा धातू तेव्हा हाती नव्हता.

पार्सन्स यांनी ती उडीच मोडून काढली. उंच कड्यावरून कोसळणारे पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावे, तसा वाफेचा दाब त्यांनी अनेक टप्प्यांत उतरवला. स्थिर पात्यांची एक रांग, मग फिरत्या पात्यांची एक रांग, पुन्हा स्थिर, पुन्हा फिरती. प्रत्येक टप्प्यात दाब थोडाच घटे आणि वेगही थोडाच वाढे. वाफ मध्यभागी आत घेऊन दोन्ही टोकांकडे धाडली, म्हणजे शाफ्टवर पडणारा एका बाजूचा रेटा दुसऱ्या बाजूच्या रेट्याने आपोआप फिटे. एप्रिल १८८४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केले आणि त्याच वर्षी पहिले यंत्र फिरू लागले. त्याची शक्ती सुमारे साडेसात किलोवॅट होती आणि शाफ्ट मिनिटाला १८,००० फेरे घेई.

मिनिटाला १८,००० फेरे

हा आकडा वाचायला सोपा आहे. तो सांभाळणे महाकठीण होते. फिरणाऱ्या वस्तूवरील केंद्रोत्सारी बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग एक दशांशाने वाढला, तर ताण सुमारे एक पंचमांशाने वाढतो. वेग दुप्पट झाला, तर ताण चौपट. शाफ्टचा तोल केसभर ढळला, तरी बेअरिंगे क्षणात झिजून जातील. पार्सन्स यांनी बेअरिंगांभोवती चकत्यांची अशी रचना केली, की शाफ्टला किंचित हलून आपला तोल आपणच शोधता यावा. वंगणाचे तेल दाबाने सतत फिरत राहील अशी व्यवस्था केली. बाजारातला कोणताही डायनामो एवढ्या वेगाला टिकणारा नव्हता, म्हणून डायनामोही त्यांनी स्वतःच नव्याने रचला.

तरीही मूळ धोका उरलाच होता. टर्बाइन ढकलणारी वाफ आणि त्याला अडवणारा विजेचा भार, या दोहोंच्या समतोलावर त्याचा वेग स्थिर असतो. दिवे अचानक मालवले, तार तुटली, स्विच उघडला, की अडवणारा हात नाहीसा होतो. वाफ मात्र ढकलतच राहते. दट्ट्याच्या इंजिनावर जेम्स वॉट यांच्या काळापासून दोन गोळ्यांचा गव्हर्नर असे. वेग वाढला, की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आकसे. ती इंजिने संथ होती आणि त्यांची गतिपालक चाके अवजड, त्यामुळे गव्हर्नरला सावरण्यास अवधी मिळे. टर्बाइन तेवढा अवधी देत नाही. वेग धोक्याच्या रेषेपलीकडे जाण्यास त्याला काही सेकंद पुरतात.

पार्सन्स यांनी पहिल्याच यंत्रावर यासाठी जी योजना केली, ती आज पाहिली तरी थक्क व्हायला होते. शाफ्टच्या टोकाला एक लहान पंखा बसवलेला होता. तो एका नळीतून हवा ओढून घेई. ही ओढ कातड्याच्या एका पडद्यावर पडे आणि पडदा वाफेच्या झडपेला जोडलेला असे. वेग वाढला, की ओढ वाढे, पडदा खेचला जाई आणि वाफेची वाट अरुंद होई. त्याच नळीवर दुसरीही नजर होती. डायनामोच्या चुंबकावर मऊ लोखंडाचा एक छोटा तुकडा स्प्रिंगच्या आधाराने हलता ठेवलेला होता. चुंबकाचे बल वाढले म्हणजे विद्युतदाब वाढला. तसा तो तुकडा वळे, नळीत हवा शिरण्याचे छिद्र झाके आणि ओढ आणखी वाढे. एका झडपेला वेगाचीही खबर मिळे आणि विजेचीही. यंत्र आपल्या स्थितीची वार्ता आपणच घेते आणि त्यानुसार आपल्यालाच आवरते, हे आजच्या नियंत्रणशास्त्राचे सूत्र कातडे, पंखा आणि लोखंडाचा तुकडा एवढ्या साहित्यातून तेथे साकार झाले होते.

पुढे मोठ्या यंत्रांसाठी त्यांनी आणखी एक युक्ती वापरली. त्यांच्या टर्बाइनांत वाफ अखंड धारेने न सोडता झुळकांझुळकांनी सोडली जाई. भार कमी असेल तर झुळूक आखूड, जास्त असेल तर लांब. त्यामुळे झडप सतत वरखाली होत राही. याचा मोठा लाभ असा, की झडप गंजून अथवा क्षार साचून जागच्या जागी अडकण्याची भीती कमी होई. न हलणारी झडप नेमक्या संकटाच्या क्षणी हलत नाही, ही बाब टर्बाइनघरात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. आजही मोठ्या टर्बाइनांच्या झडपा ठरावीक काळाने मुद्दाम हलवून पाहतात, त्यामागे हेच कारण आहे.

पेटंट गेले, हिंमत उरली

क्लार्क-चॅपमनच्या कारखान्यातून शेकडो लहान टर्बाइने बाहेर पडली. बरीचशी जहाजांवरील दिव्यांसाठी वापरली गेली. परंतु मोठ्या वीजघरांसाठी टर्बाइन न्यावे, ही पार्सन्स यांची आकांक्षा भागीदारांना पटेना. १८८९ मध्ये ते बाहेर पडले आणि न्यूकॅसलजवळ हीटन येथे त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. पेटंटे मात्र जुन्या कंपनीकडेच राहिली. आपलाच शोध वापरण्याची त्यांना मुभा उरली नाही.

दुसरा कोणी असता तर खचला असता. पार्सन्स यांनी वाफ शाफ्टच्या दिशेने नेण्याऐवजी मध्यापासून परिघाकडे नेणारी वेगळी रचना केली आणि तिच्यावर पाच वर्षे निभावून नेली. न्यूकॅसलमध्ये त्यांनी वीजपुरवठ्याची कंपनी स्थापन केली. १८९० मध्ये तिचे फोर्थ बँक्स येथील वीजघर सुरू झाले. टर्बाइनवर चालणारे हे जगातले पहिले सार्वजनिक वीजघर होय. १८९२ मध्ये केंब्रिजच्या वीजघरासाठी त्यांनी वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणारे, १०० किलोवॅटचे टर्बाइन दिले. वाफेच्या काटकसरीत ते दट्ट्याच्या चांगल्या इंजिनांच्या तोडीस उतरले. १८९४ मध्ये मूळ पेटंटांचे हक्क त्यांना परत मिळाले. त्याच सुमारास लंडनमधील मँचेस्टर स्क्वेअर येथील वीजघराच्या इंजिनांच्या हादऱ्यांनी शेजारी हैराण होऊन न्यायालयात गेले होते. तेथे पार्सन्स यांची टर्बाइने बसली आणि हादरे थांबले.

समुद्रावर

टर्बाइन जहाज चालवू शकेल का, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १८९४ मध्ये त्यांनी ‘टर्बिनिया’ ही सुमारे १०४ फूट लांबीची बोट पाण्यात सोडली. पहिल्या चाचण्यांनी निराशा केली. टर्बाइन वेगाने फिरे, बोट मात्र तेवढी पळेना. मळसूत्री पंखा फार वेगाने फिरला, की त्याच्या पात्यांमागे पाण्यात पोकळ्या निर्माण होतात आणि पंखा पाण्याला न ढकलता पोकळीत फिरत राहतो, हे कारण निघाले. पार्सन्स यांनी काचेच्या बाजू असलेली टाकी बनवली, लहान पंखे पाण्यात फिरवले आणि थांबूनथांबून पडणाऱ्या प्रकाशात त्या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या. शेवटी एका शाफ्टऐवजी तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन पंखे बसवले. वेग जिथे निरुपयोगी ठरतो ती सीमा शोधून भार वाटून द्यायचा, ही त्यांची जुनीच रीत येथेही कामी आली.

२६ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त स्पिटहेड येथे आरमाराचे संचलन होते. पाहुण्यांसमोर युद्धनौका ओळीने उभ्या असताना ‘टर्बिनिया’ त्यांच्यामधून भरधाव निघून गेली. पार्सन्स स्वतः बोटीवर होते. तिचा वेग ३४ नॉटच्या घरात, म्हणजे ताशी ६० किलोमीटरांहून अधिक होता. तिला गाठू शकेल अशी एकही नौका त्या ताफ्यात नव्हती.

आरमाराने ‘व्हायपर’ आणि ‘कोब्रा’ या दोन टर्बाइन विनाशिका घेतल्या. १९०१ च्या ऑगस्टमध्ये ‘व्हायपर’ धुक्यात खडकावर चढून फुटली. सप्टेंबरमध्ये ‘कोब्रा’ उत्तर समुद्रात मोडून बुडाली. साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पार्सन्स यांच्या कारखान्यातील सहकारीही होते. दोन्ही अपघातांत टर्बाइनचा दोष नव्हता. ‘कोब्रा’ची बांधणीच कमकुवत असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. परंतु लोकांच्या मनात संशय शिरला होता आणि सहकाऱ्यांच्या मृत्यूचे ओझे कोणत्याही निकालाने हलके होणारे नव्हते. पार्सन्स यांनी ‘व्हेलॉक्स’ ही नवी विनाशिका स्वतःच्या जोखमीवर बांधून घेतली आणि नंतर आरमाराने ती विकत घेतली. १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही टर्बाइनवर चालणारी पहिली मोठी युद्धनौका अवतरली. १९०७ मध्ये ‘लुसिटेनिया’ आणि ‘मॉरिटेनिया’ ही प्रवासी जहाजे अटलांटिकवर धावू लागली. ‘मॉरिटेनिया’कडे अटलांटिक सर्वांत वेगाने ओलांडण्याचा मान पुढे वीस वर्षे राहिला.

वीजघरात तार तुटल्यावर जे होते, ते समुद्रात वादळ करते. खवळलेल्या लाटांवर जहाजाचा मागचा भाग वर उचलला गेला, की पंखा पाण्याबाहेर येतो, भार क्षणात नाहीसा होतो आणि टर्बाइन उधळू पाहते. पुढच्या क्षणी पंखा पुन्हा पाण्यात आपटतो. जहाजावरील टर्बाइनलाही म्हणूनच गव्हर्नरची गरज भासली.

दुसरा पहारेकरी

१९०० मध्ये जर्मनीतील एल्बरफेल्ड शहरासाठी पार्सन्स यांनी १,००० किलोवॅटची यंत्रे दिली. १९१२ च्या सुमारास शिकागोसाठी २५,००० किलोवॅटचे यंत्र बनले आणि १९२० च्या दशकात त्याच शहरासाठी ५०,००० किलोवॅटचे. साडेसात किलोवॅटपासून येथवरचा प्रवास एका माणसाच्या हयातीत झाला. मोठ्या यंत्रांच्या फेऱ्यांची संख्या पहिल्या यंत्राहून पुष्कळ कमी होती, पण फिरणारे वजन कित्येक टन होते. असे चक्र फुटले, तर त्याचे तुकडे यंत्राचे पोलादी आवरण आणि वीजघराचे छप्पर भेदून जाऊ शकतात. चांगला गव्हर्नरही एखाद्या दिवशी अडकू शकतो. अशा दिवसासाठी काय करायचे, याचे उत्तर टर्बाइन उद्योगाला शोधावे लागले.

त्यातून ‘इमर्जन्सी गव्हर्नर’ आला. शाफ्टमध्ये आडवे भोक पाडून त्यात एक खिळा बसवलेला असतो. त्याचे गुरुत्वमध्य शाफ्टच्या मध्यरेषेपासून किंचित बाजूला असते आणि स्प्रिंग त्याला आत दाबून धरते. वेग नेहमीपेक्षा साधारण एक दशांशाने वाढला, की केंद्रोत्सारी बल स्प्रिंगवर मात करते, खिळा टणकन बाहेर येतो आणि शेजारच्या खटक्यावर आदळतो. खटका सुटताच मुख्य झडप उघडी धरणाऱ्या तेलाचा दाब निघून जातो आणि जोरकस स्प्रिंग झडप बंद करते. भारतात वीजघरातील बहुतेक मोठी टर्बाइने मिनिटाला ३,००० फेरे घेतात. त्यांच्या बाबतीत हा क्षण ३,३०० फेऱ्यांच्या आसपास येतो. या खिळ्याचा नेहमीच्या गव्हर्नरशी कसलाही संबंध नसतो. पहिला निद्रिस्त झाला तरी दुसरा जागा राहावा, म्हणून दोघांची सोबतच टाळलेली असते.

मानसन्मान आणि मावळतीचे दिवस

१८९८ मध्ये पार्सन्स रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९११ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९२७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’. हा मान लाभलेले ते पहिलेच अभियंते. भाषण करण्यात ते संकोची होते. कारखान्यात मात्र चुकलेल्या कामाची त्यांना चीड येई. जहाजांच्या टर्बाइनचा वेग दातेरी चक्रांनी कमी करून पंख्याला संथ फिरवण्याची पद्धत त्यांनीच रुळवली. कृत्रिम हिरे बनवण्याच्या प्रयोगांत त्यांनी वर्षानुवर्षे आणि भरपूर पैसा घातला. त्यात यश आले नाही. १९२५ मध्ये त्यांनी ग्रब यांचा दुर्बिणींचा कारखाना विकत घेतला आणि वडिलांचा वारसा वेगळ्या वाटेने पुढे नेला.

१९१८ मध्ये त्यांचा एकुलता मुलगा अल्जर्नन रणभूमीवर मारला गेला. कन्या रेचल केंब्रिजमध्ये यंत्रशास्त्र शिकलेली होती. महायुद्धात कारखान्यांत राबलेल्या स्त्रियांना शांतता होताच घरी धाडले जाऊ लागले, तेव्हा १९१९ मध्ये रेचल आणि त्यांच्या आई कॅथरिन यांनी इतर सहकारी स्त्रियांसह स्त्री अभियंत्यांची संघटना स्थापन केली. तिच्या पहिल्या अध्यक्षा रेचलच होत्या.

११ फेब्रुवारी १९३१ रोजी ‘डचेस ऑफ रिचमंड’ या जहाजाने वेस्ट इंडीजची सफर करीत असताना, जमैकातील किंग्स्टन येथे जहाजावरच सर चार्ल्स पार्सन्स यांची प्राणज्योत मालवली. नॉर्थम्बरलँडमधील कर्कव्हेल्पिंग्टन या गावी त्यांचे दफन झाले.

कातड्याच्या पडद्यानंतर

कातड्याच्या पडद्याची जागा पुढे तेलाच्या दाबाने घेतली आणि तेलाची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने. शाफ्टमधल्या खिळ्याचे काम आता बहुतांशी अतिवेग-संरक्षण मॉड्यूल करतात. शाफ्टवरील दातेरी चाकासमोर तीन सेन्सर बसवलेले असतात. प्रत्येक जण समोरून जाणारे दाते मोजून वेग ठरवतो. तिघांपैकी दोघांचे मत वेग वाढला असे पडले, तरच टर्बाइन ट्रिप होते. एक सेन्सर बिघडला म्हणून कारखाना विनाकारण बंद पडू नये आणि एक बिघडला म्हणून धोका नजरेआडही होऊ नये, हा त्यामागचा हेतू. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या यंत्र-संरक्षणविषयक ६७० क्रमांकाच्या मानकात ही तिहेरी रचना नमूद आहे. मॉड्यूलचे सेन्सर आणि वीजपुरवठा मुख्य नियंत्रणापासून वेगळे ठेवतात. बहुतेक ठिकाणी झडप उघडी ठेवण्यासाठी विद्युत संकेत अखंड मिळावा लागतो. तो तुटला, मग कारण काहीही असो, झडप बंदच होते.

हे वेगळेपण केवळ कागदावर राहिले तर काय होते, याचा धडा भारतालाही मिळालेला आहे. ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची दोन पाती तुटली. प्रचंड कंपनांमुळे जनित्रातील हायड्रोजन वायू बाहेर पडून आग लागली. नेहमीच्या आणि पर्यायी वीजपुरवठ्याच्या तारा पुरेशा अंतरावर वेगळ्या टाकलेल्या नव्हत्या. त्या एकाच आगीत जळाल्या आणि केंद्र सुमारे सतरा तास अंधारात राहिले. कर्मचाऱ्यांनी बॅटरीच्या उजेडात अणुभट्टीवर चढून ती सुरक्षित ठेवण्याची शर्थ केली आणि किरणोत्सार बाहेर पडला नाही. दुसरा पहारेकरी होता, पण तो पहिल्याच्याच खोलीत झोपला होता. त्यानंतर देशातील अणुवीज केंद्रांत तारांच्या मांडणीपासून पात्यांच्या रचनेपर्यंत अनेक सुधारणा झाल्या.

पार्सन्स यांचे १८८४ चे पहिले यंत्र आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे आणि ‘टर्बिनिया’ न्यूकॅसलच्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये. ‘टर्बिनिया’भोवती पाहणाऱ्यांची गर्दी होते, कारण तिने वेगाचा विक्रम केला. पहिले यंत्र त्या मानाने लहानसेच आहे. परंतु वेग आणि त्याला आवरण्याची सोय ही दोन्ही एकाच हातांनी, एकाच वेळी घडवली गेली, याची साक्ष ते यंत्र देते. ऊर्जेचे कोणतेही नवे साधन हाती घेताना अभियंत्याने आधी काय विचारावे, हे त्या छोट्या यंत्राकडे पाहून समजते.